खसखस नको, नऊ व्होल्टचा सेल हवा

चि. सोन्यास अनेक आशीर्वाद.

व्हिसा झाला, दक्षिण कोरियात देजॉनची शाळा ठरली. पदवीवरचं अपोस्टील (परदेशात चालणारा सरकारी शिक्का), पोलिसांचा दाखला ही धावपळ तू पार पाडलीस, त्यामुळे त्यावर बोलत नाही. एपिकचं, म्हणजे सरकारी शाळांत परदेशी इंग्रजी शिक्षक नेमणाऱ्या तिथल्या सरकारी योजनेचं, प्रशिक्षण संपलं की तुला खोलीच्या दारात सोडतील आणि जातील. माझं पत्र तिथून पुढचं आहे.

दाराला किल्ली नसते, आकड्यांचं कुलूप असतं. ते चालतं सेलवर. सेल संपत आले की दार उघडताना वेगळीच धून वाजते. ती ऐकून सोडून दिलीस तर एका रात्री बाहेरच उभा राहशील. तसं झालंच तर कोपऱ्यावरच्या दुकानातून नऊ व्होल्टचा चौकोनी सेल आण. बहुतेक कुलपांना बाहेरून दोन छोटे धातूचे ठिपके असतात. सेलची टोकं त्यांना टेकवून धरायची आणि तसंच धरून आकडे दाबायचे. एक सेल दप्तरात असूच दे.

फेब्रुवारीत देजॉनची रात्र शून्याच्या खाली जाते. खोली गरम होते ती जमिनीखालून, ओंदोलने. भिंतीवरच्या पट्टीवर तीन शब्द ओळखायला शीक: नानबांग म्हणजे खोली तापवणं, ओनसू म्हणजे गरम पाणी आणि वेचुल म्हणजे घराबाहेर असतानाची मंद आच. गॅस वाचवायला बॉयलर बंद करून शाळेत जाऊ नकोस. नळ्यांतलं पाणी गोठतं, आणि दुरुस्ती गॅसच्या बिलापेक्षा महाग पडते. वेचुलवर ठेवायचं. कडाक्याची थंडी असेल तर नळही बारीक धारेने सोडून ठेवायचा. जमीन हळूहळू तापते, म्हणून दर तासाला आकडे बदलत बसू नकोस. त्याच जमिनीवर टॉवेलात गुंडाळून ठेवलं की इडलीचं पीठ मस्त फुगतं, पण लॅपटॉप मात्र जमिनीवर ठेवायचा नाही. वीज २२० व्होल्टची आहे, तेव्हा कॅनडातला मिक्सर नेलास तर पहिल्याच चटणीला जळेल.

कचऱ्याचं नीट वाच, नवा माणूस सगळ्यात जास्त तिथेच चुकतो. साधा कचरा फक्त आपल्या वॉर्डाने, तिथल्या भाषेत 'गू'ने, विकलेल्या पिशवीतच टाकायचा. तिला जोंगन्यांगजे बोंगथू म्हणतात. कचऱ्याचे पैसे त्या पिशवीच्या किमतीतच आले, ही पद्धत १९९५ पासूनची. युसॉंग-गूची पिशवी सॉ-गूत चालत नाही. ती कुणी उचलत नाही, वर दंडही होऊ शकतो. खरकटं वेगळं. ते कुठे, कशात टाकायचं ते इमारतीप्रमाणे बदलतं, पहिल्याच दिवशी घरमालकाला विचार. तत्त्व असं की जनावराला घालता येईल तेवढंच खरकटं. म्हणून आपल्या ओट्यावरचा निम्मा ओला कचरा तिथे साध्या पिशवीत जातो: चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, कांद्या-लसणाची सालं, हाडं, करवंटी, आंब्याची कोय. पारदर्शक बाटल्यांची चिठ्ठी सोलून, त्या चेपून वेगळ्या ठेवायच्या.

शाळेत साडेआठ ते साडेचार बसावं लागतं. करारात आठवड्याला २२ तास, त्यापुढे जास्तीचे पैसे. प्राथमिकचा तास ४० मिनिटांचा. इंग्रजी तिसरीपासून: तिसरी-चौथीला आठवड्यात दोन तास, पाचवी-सहावीला तीन. वर्गात कोरियन सहशिक्षक असतो आणि वर्ग मुळात त्याचा असतो. सुटीत मुलं नसली तरी तुला खुर्चीवर हजर राहावं लागेल. पुस्तक ने, कुरकुर नको. दारात बूट काढून आतल्या सपाता घालायच्या. कागद दोन्ही हातांनी द्यायचा-घ्यायचा. मुलाचं नाव लाल शाईने लिहायचं नाही, तिथे ते मेलेल्या माणसाचं चिन्ह मानतात. वह्या तपासताना हे हमखास विसरतात.

आता खरी गंमत. तू मराठी बोलतोस हे त्या वर्गात फार कामाला येईल. 'नानुन हाक्क्यो-ए कान्दा' याचा एकेक शब्द उलगड: मी, शाळेत, जातो. क्रम आपलाच, आणि 'ए' म्हणजे आपला 'त'. त्यामुळे पोर 'आय स्कूल गो' म्हणालं तर तो निष्काळजीपणा नाही, ती त्याची मातृभाषा. इंग्रजीतले 'अ' आणि 'द' (a, the) त्यांच्याकडेही नाहीत, म्हणून ते गळतात. 'तुला आवडत नाही का?' याला आपण 'हो, नाही आवडत' म्हणतो, तेही तसंच म्हणतात, आणि इंग्रजीत नेमका तिथेच घोळ होतो. अशा वेळी त्यांच्याकडून एका शब्दाचं उत्तर घेऊच नकोस, पूर्ण वाक्य म्हणायला लाव. आणि हो, 'ने' म्हणजे होकार. मराठी कानाला तो पहिले काही दिवस नकारासारखा वाटेल.

उच्चारात दोन अडचणी मोठ्या. कोरियनमध्ये दात ओठाला लावून काढायचा फ नाही, फक्त ओठांचा आहे, आपल्या 'फळ'मधला. 'फाइल' आणि 'पाइल' ते एकाच तऱ्हेने लिहितात. वरचे दात खालच्या ओठावर ठेवायला लाव, आरसा दे, समजावत बसू नकोस. तसंच 'जागा' आणि 'जीभ' यांतल्या ज मधला फरक तुझ्या तोंडात आहे, त्यांच्या नाही, म्हणून 'झू'चा उच्चार 'जू' होतो. दुसरी अडचण शब्दाच्या शेवटाची. कोरियन अक्षराच्या शेवटी सातच व्यंजनध्वनी येऊ शकतात. स किंवा च शेवटी आला की जीभ अडते आणि ते स्वर जोडतात. 'स्ट्राइक' एका ठोक्याचा, त्यांच्या तोंडी पाच: सु-थु-रा-इ-खु. यावर टाळ्या वाजवून घ्यायच्या, शब्दाला एकच टाळी. दहा मिनिटांत कानाला कळतं, जिभेला वर्ष लागतं. खेळाचे नियम तोंडी सांगितलेस तर वर्ग हातातून जाईल. सहशिक्षकाबरोबर एकदा खेळून दाखव. भांडण झालं तर 'कावी, बावी, बो', म्हणजे कात्री-दगड-कागद. तो निकाल सगळे मानतात.

दुपारचं जेवण शाळेतच. ताटात भात, सूप, किमची, आणखी दोन पदार्थ. महिन्याचा तक्ता मिळतो आणि प्रत्येक पदार्थापुढे ॲलर्जीचे आकडे असतात. कोरियन वाचता येत नसेल तरी आकडे वाच: १० डुक्कर, १५ कोंबडी, १६ गोमांस. सूप बहुधा सुक्या मासळीच्या पाण्यावर केलेलं आणि किमचीत खारवलेली कोळंबी, हे गृहीत धर. 'बाप मॉगॉस्सॉयो?' असं कुणी विचारलं तर ते शब्दशः 'जेवलात का?' आहे. आपल्याकडच्यासारखीच ती विचारपूस असते, आमंत्रण नाही.

घरी खिचडीला काही अडचण नाही. सोललेली मूगडाळ 'गॉपी नोक्तू' नावाने मिळते, ते तिची धिरडी घालतात. तिथला तांदूळ बुटका, चिकट. मऊ वरणभाताला झकास, मसालेभाताला नव्हे. कोथिंबिरीला 'गोसू' म्हण. कणकेसाठी 'थोंगमिल कारू' घे, पण ती जाडसर दळलेली असते, म्हणून मळून तासभर झाकून ठेव, नाहीतर पोळीच्या कडा फाटतील.

पुढच्या वर्षी खासगी क्लासचा, हागवॉनचा, मोह होईल. तिथे बहुधा दुपारी सुरू होऊन कधी रात्री दहापर्यंतही शिकवावं लागतं. करारात शिकवण्याचे तास आणि हजेरीचे तास वेगळे लिहिलेत का बघ. पगारातून ३.३ टक्के कापतात असं दिसलं तर ते तुला नोकर नाही, स्वतंत्र व्यावसायिक म्हणून दाखवतायत. मग पेन्शन आणि आरोग्यविम्यातला मालकाचा वाटा बुडतो. करार ११ महिन्यांचा असेल तर सही करू नकोस, कारण वर्ष पूर्ण झाल्यावर मिळणारा एक महिन्याचा पगार, थ्वेजिककुम, टाळण्यासाठीच तसं करतात. तक्रारीला कामगार खात्याचा फोन नंबर १३५०, व्हिसाच्या शंकांना १३४५. आणि कितीही पैसे दिले तरी कुणाच्या घरी जाऊन शिकवणी घ्यायची नाही, या व्हिसावर तो गुन्हा आहे. कॅनडाचा पासपोर्ट असल्याने पेन्शनचे पैसे कोरिया सोडताना परत मिळतात, पावत्या ठेव.

परदेशी नोंदणीचं कार्ड ९० दिवसांच्या आत करायचं असतं. ते येईपर्यंत बँक आणि फोन दोन्ही अडतात. पहिला पगारही उशिरा होतो, तेव्हा दहा लाख वॉन तरी हाताशी ठेव.

शेवटचं, सामानाबद्दल. पोचल्यावर वैद्यकीय तपासणी होते, त्यात लघवीत अफूचे अंशही बघतात. खसखशीमुळे ती चाचणी फसू शकते. म्हणून निघण्याआधी आठवडाभर अनारसे, खसखशीचे लाडू बंद. सर्दीचं औषधही डॉक्टरांना सांगूनच घे. ताजा कढीपत्ता, फळं नेऊ नकोस, विमानतळावर काढून घेतील. हिंगाची डबी दोन पिशव्यांत बांधली आहे, तरी शर्टांपासून लांब ठेव. या खेपेचा गोडा मसाला खसखस न घालता केला आहे, वास थोडा वेगळा येईल.

तुझी,
आई