धर्मांचा अभ्यास हवा, आणि त्यात निरीश्वरवादही हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२४ मध्ये शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा लोकांसमोर ठेवला, तेव्हा मनाचे श्लोक व भगवद्गीता यांच्या पाठांतराच्या सूचनेवरून आणि मनुस्मृतीतील एका श्लोकाच्या उल्लेखावरून मोठा वाद झाला. त्या वादात दोनच आवाज ठळकपणे ऐकू आले. एकाला संस्कारांसाठी पाठांतर हवे होते, दुसऱ्याला शाळेत धर्माचे नावही नको होते. श्रद्धा न रुजवता धर्मांचा अभ्यास करावा, ही राज्यघटनेच्या चौकटीत बसणारी तिसरी एक भूमिका आहे आणि आपल्याच देशातील जाणत्यांनी ती अनेकदा मांडली आहे. वर्गापर्यंत मात्र ती नीट पोहोचलेली नाही. तिच्याविषयी हे पत्र आहे.

घटनेच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, आणि सरकारमान्य वा अनुदानित शाळेत विद्यार्थ्याला त्याच्या, किंवा तो अल्पवयीन असल्यास त्याच्या पालकांच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी व्हायला लावता येत नाही. ही बंदी श्रद्धा रुजवण्यावर आहे, जाणून घेण्यावर नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्ममताची शिकवण आणि धर्माचा अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे स्पष्ट केले होते. कोठारी आयोगाने (१९६४–६६) तोच भेद पुढे नेला आणि प्रमुख धर्मांची निवडक, विश्वसनीय माहिती नागरिकशास्त्राचा किंवा सामान्य शिक्षणाचा भाग म्हणून द्यावी, अशी शिफारस केली. शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीनेही १९९९ मध्ये सर्व धर्मांच्या मूलतत्त्वांची ओळख विद्यार्थ्यांना व्हावी असे म्हटले, आणि २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा अभ्यास घटनाविरोधी नाही, असा निर्वाळा दिला. कायद्याची अडचण आहे, ही सबब त्यामुळे उरत नाही.

मात्र या सर्व शिफारशींत एक मोठी उणीव आहे. त्या धर्मांविषयी बोलतात. धर्मावाचून किंवा ईश्वरावाचून जगण्याचा अर्थ लावणाऱ्यांविषयी बोलत नाहीत. ही उणीव केवळ आपल्याकडची नाही. इंग्लंडमध्ये धार्मिक अभ्यासाच्या परीक्षेचा नवा पाठ्यविषय शिकवला की शाळेची त्या विषयातील जबाबदारी पूर्ण होते, असे सरकार सांगत होते. धर्मेतर जीवनदृष्टींना त्यात पुरेशी जागा नसताना असे म्हणणे कायद्याला धरून नाही, असे तेथील उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ठरवले. वेल्सने तर २०२१ च्या कायद्यातच अशा विचारांना अभ्यासक्रमात स्थान दिले आणि पुढच्या वर्षीपासून त्याची अंमलबजावणी सुरू केली.

आपल्याला यासाठी बाहेर पाहण्याचीही फारशी गरज नाही. चार्वाकांनी वेदप्रामाण्य आणि परलोक दोन्ही नाकारले. सांख्य दर्शनाची एक प्राचीन मांडणी निरीश्वरवादी आहे, जैन आणि बौद्ध विचार सृष्टिकर्ता मानत नाहीत. बालभारतीच्या सहावीच्या इतिहासात प्राचीन धार्मिक प्रवाहांचा एक पाठ आहे. जैन, बौद्ध, ज्यू, ख्रिश्चन, इस्लाम आणि पारशी धर्मांची ओळख त्यात होते, ही चांगलीच गोष्ट आहे, पण चार्वाकांच्या वाट्याला फार तर काही ओळी येतात. पुढच्या इयत्तांत गोपाळ गणेश आगरकर भेटतात ते समाजसुधारक म्हणून. ते अज्ञेयवादी, म्हणजे ईश्वर आहे की नाही हे कळू शकत नाही असे मानणारे, होते आणि त्यांचा सुधारणेचा आग्रह त्या बुद्धिप्रामाण्यातूनच आला होता, हे मुलांना उमगत नाही. महात्मा फुल्यांनी धर्मग्रंथांचे प्रामाण्य आणि भटशाही नाकारली, पण निर्मिकावरची, म्हणजे सृष्टिकर्त्यावरची, श्रद्धा सोडली नाही. आगरकर आणि फुले एकाच तासाला शेजारी ठेवून शिकवले, तर मध्यस्थ नाकारणे आणि ईश्वराच्या अस्तित्वावरच प्रश्न उभा करणे यांतला फरक आठवीतल्या मुलालाही कळेल. संततिनियमनाचे पुरस्कर्ते रघुनाथ धोंडो कर्वे आणि अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नरेंद्र दाभोलकर यांच्यापर्यंत ही परंपरा अखंड चालत आली आहे. ज्या राज्यात तिच्यातून २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा उभा राहिला, त्या राज्यातील मुलांना ती परंपरा परकी वाटावी, हे मला फार खटकते.

धर्मांच्या बाबतीतही पुस्तकी मूलतत्त्वांपेक्षा आपल्या भूमीवरची माणसे आधी दिसायला हवीत. रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायली ज्यू, ज्यांना गावकरी शनवार तेली म्हणत, वसईचे मराठी बोलणारे ख्रिस्ती, कोकणी मुसलमान, नांदेडचे शीख, सोलापूरकडचे लिंगायत, महानुभाव, हिरवा देव आणि हिमाई मानणारे वारली, १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर घडलेला आपला मोठा बौद्ध समाज. यांतल्या प्रत्येकाकडे जन्म, मृत्यू, अन्न, न्याय यांविषयी काही सांगण्यासारखे आहे. वारकऱ्याच्या घरातल्या मुलीला ते कळले, तर तिची विठ्ठलावरची माया कमी होईल असे मला मुळीच वाटत नाही.

मी अनेक वर्षे अनुदानित शाळेत इतिहास शिकवला आहे, म्हणून एक धोका सांगितला पाहिजे. असा पाठ आला की शिक्षक सहज वर्गातल्या एखाद्या मुसलमान किंवा बौद्ध मुलाला उभे करतात आणि ‘तुमच्यात काय करतात, सांग बरे’ म्हणतात. त्या ‘तुमच्यात’ने ते मूल एका क्षणात वर्गाबाहेर पडते. कोणत्याही विद्यार्थ्याला आपल्या समाजाचा प्रतिनिधी बनवू नये, आणि ज्याच्या घरी देव्हारा नाही त्याला त्याचा खुलासा मागू नये, हे शिक्षक-प्रशिक्षणात स्पष्टपणे शिकवावे लागेल. शिक्षक स्वतः आस्तिक असो वा नास्तिक, ‘जैन असे मानतात’ आणि ‘हे असे आहे’ या दोन वाक्यांतले अंतर त्याला राखता आले पाहिजे. डी.एल.एड. आणि बी.एड.मध्ये यासाठी स्वतंत्र घटक नसेल, तर सर्वांत चांगले पुस्तकही पाठांतराच्याच वाटेने जाईल.

हा विषय मूल्यशिक्षणाच्या तासाला जोडू नये, असेही मला आग्रहाने म्हणायचे आहे. खरे बोलावे, दुबळ्याला छळू नये, हे कोणत्याही एका धर्माच्या मालकीचे नाही आणि धर्म न मानणारेही ते पाळतात. तेव्हा श्लोक म्हटला की मूल्य रुजले हा समज आधी सोडायला हवा. धर्म आणि धर्मेतर विचार यांचा अभ्यास इतिहास-नागरिकशास्त्रात, सहावी ते दहावीच्या दरम्यान, नेमक्या मजकुरानिशी आणि परीक्षेतल्या प्रश्नांनिशी यावा. अभ्यास खरोखर अभ्यासच राहिला, तर कोणाही पालकाला मुलाला त्या तासातून उठवून न्यावे लागणार नाही. तसे करावेसे वाटले, तर मजकुरात श्रद्धा शिरली आहे का, हे मंडळाने तपासावे.

राज्यात पाठ्यपुस्तके इयत्तावार बदलत आहेत. सहावीपासून पुढचे इतिहासाचे मसुदे छपाईपूर्वी पुरेशा मुदतीत जाहीर करावेत आणि ते पाहणाऱ्या समितीत विविध धर्मांच्या अभ्यासकांबरोबर विवेकवादी चळवळीचे अभ्यासकही असावेत, ही शालेय शिक्षण विभागाला विनंती.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सातारा