मॅडम, तुमचं ते वहीचं पान

प्रिय मॅडम,

तुम्ही माझ्या मुलीच्या वयाच्या आहात, पण ट्रेनिंगमध्ये मॅडम म्हणत होते तेच इथेही म्हणते. तुमचं ऑनलाइन कोर्स बनवायचं ट्रेनिंग संपून चार दिवस झाले. निघताना नुसतं थँक्यू म्हणून रिक्षात बसले आणि रामबागेत घर येईपर्यंत डोळे पुसत होते, म्हणून आज नीट लिहायला बसले. सगळ्यांसमोर लिहितेय कारण हे आमच्या इंदूरच्या आणि बाहेरच्याही शिक्षकांनी वाचावं असं मनापासून वाटतं.

मी ३१ वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकवतेय. फळा, खडू आणि मुलांचे चेहरे, यावरच सगळी वर्षं गेली आणि चांगली गेली. मार्च २०२० मध्ये सगळं बंद पडलं तेव्हा लॅपटॉपवरच्या काळ्या चौकोनांना शिकवलं, पलीकडे कोणी ऐकतंय का तेही कळायचं नाही. मग २०२१ मध्ये यूजीसीचा नियम आला की एका सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत कोर्स मुलं 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून करू शकतात, आणि आमच्याकडेही सुरू झालं की प्रत्येकाने आपापला ऑनलाइन कोर्स तयार करा.

तुमच्याआधी माझी तीन ट्रेनिंगं झाली. एकात दोन दिवस नुसत्या स्लाइड वाचून दाखवल्या, ऑनलाइन कोर्सचे चार क्वाड्रंट (भाग) म्हणजे व्हिडिओ, वाचायचं मटेरियल, चर्चा आणि टेस्ट हे पाठ करून घेतलं, आणि शेवटी फीडबॅक फॉर्म भरा म्हणजे सर्टिफिकेट मेलवर येईल. दुसऱ्याचं फारसं काही आठवतच नाही. तिसऱ्यात एका साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं की मॅडम, या वयात हे राहू द्या, एखाद्या ज्युनिअरला बसवा कॅमेऱ्यासमोर. मी तेव्हा गप्प बसले. ते अजून लागतं. शिकवायला आलेला माणूसच समोरच्याला तुम्हाला जमणार नाही म्हणत असेल तर त्याने शिकवायला उभं राहू नये, हे मी आज स्पष्ट म्हणते.

तुमच्याकडे आले तेव्हा मीन (सरासरी) आणि मीडियन (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) यांवरचा २३ मिनिटांचा व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये होता. वाटलं तुम्हीही लाइट, आवाज आणि मागचा पडदा यावरच बोलाल. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तुम्ही वहीचं फाडलेलं पान हातात दिलंत. रेघांचं साधं पान, निळं पेन, डावीकडे मिनिटं आणि उजवीकडे एकेक ओळ.

२:४० समजलं.
६:०५ मोबाइल बघितला, सॉरी.
९:१० तुम्ही प्रश्न विचारलात, मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात तुम्हीच सांगून टाकलंत.
१४:३० हरवले. मागे जाऊन पुन्हा बघितलं.
१९:०० हे फार सुंदर समजावलंय.

मॅडम, तुम्ही पूर्ण २३ मिनिटं बघितलात, आणि न कळलेलं मागे जाऊन पुन्हा बघितलात. इतक्या वर्षांत इन्स्पेक्शनला कितीतरी लोक येऊन मागच्या बाकावर बसले, फॉर्मवर टिक करून गेले, पण माझं शिकवणं असं विद्यार्थी होऊन कोणी ऐकलं नव्हतं.

त्या ९:१० बद्दल सांगायलाच हवं. पाच माणसं, पगार १५, १५, २०, २० आणि १८० हजार, सरासरी येते ५० हजार. तर या पाचांत ५० हजार मिळतात कोणाला? वर्गात हे विचारलं की मी फळा पुसायला लागते, खिडकीपर्यंत जाऊन येते, मुलं आपसात कुजबुजतात आणि मग मागून कोणीतरी म्हणतं, 'मॅम, किसी को भी नहीं.' तिथून मीडियन सुरू होतो, तो २० हजार मुलं स्वतः शोधतात. कॅमेऱ्यासमोर मात्र ती शांतता मला सहन झाली नव्हती. तुम्ही चूक म्हणाला नाहीत, एवढंच विचारलंत, 'वर्गात तुम्ही किती थांबता?' त्या एका प्रश्नाने मला माझा वर्ग परत मिळाला.

मग तुम्ही सांगितलंत की आयआयटी मुंबईवाल्यांच्या पद्धतीत याला रिफ्लेक्शन स्पॉट म्हणतात, व्हिडिओत मध्येच थांबायचं आणि मुलांना सांगायचं की इथे पॉज करा, उत्तर वहीत लिहा, मग पुढे या. म्हणजे माझं ते फळा पुसणंच की! एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या व्हिडिओंचा २०१४ चा अभ्यासही सांगितलात, जवळजवळ ६९ लाख वेळा बघितलं गेलेलं तपासून निघालं की ६ मिनिटांच्या पुढे मुलांचं लक्ष टिकत नाही. मला ते लगेच पटलं कारण तुमचं ६:०५ मी आधीच वाचलं होतं.

बाकी क्विझ टाकणं, अपलोड करणं हे जमलं, शेजारी बसून कोणी न चिडता दाखवलं की जमतंच. मला मोठं वाटतं ते त्या पानाचं. रात्री तुम्हाला घरची कामं असतील, झोप असेल, तरी एका अनोळखी बाईचा व्हिडिओ तुम्ही इतक्या लक्ष देऊन बघितलात आणि चूक दाखवताना तिचा मान राखलात. अशी माणसं आहेत म्हणून कामाच्या ठिकाणी जावंसं वाटतं, नाहीतर सर्टिफिकेटं काय, कपाटभर पडली आहेत.

नव्या व्हिडिओचे चार तुकडे केलेत, पहिला ५ मिनिटं ४० सेकंदांचा आहे. त्यात प्रश्न विचारून मी थांबलेय, खरंच थांबलेय. आणि आमच्या डिपार्टमेंटच्या नवीन सरांचा पहिला व्हिडिओ मी काल रात्री वही घेऊन बघितला, त्यांना उद्या पान देणार आहे.

पुढच्या आठवड्यात कोरिलेशन रेकॉर्ड करतेय. झालं की पाठवते. वेळ मिळाला तर वही घेऊन बसाल ना?

तुमची,
स्टॅटिस्टिक्सवाली मॅडम