शिबिराच्या शेवटच्या दिवसाचा पाऊस वेळापत्रकात हवा

माननीय संपादक,

स्काऊटच्या उन्हाळी शिबिराच्या शेवटच्या दिवशी पावसाने गाठले की आयोजक आणि पालक मिळून एक निर्णय फार सहज घेऊन टाकतात. मुलांना सकाळीच घरी धाडायचे, सांगता समारंभ रद्द करायचा आणि तंबू मागाहून मोठ्यांनी किंवा मजुरांकरवी उतरवून घ्यायचे. यामागची काळजी खरी असते, हे मान्य. परंतु बरीच वर्षे स्काऊटमास्तर म्हणून काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, विजांचा, वादळाचा किंवा पुराचा धोका नसेल, तर अशाने शिबिरातले सर्वांत मोलाचे काम मुलांच्या हातून काढून घेतले जाते.

कोरड्या हवेत तंबू कोणालाही उतरवता येतो. पावसात मात्र प्रत्येक कृतीचा क्रम ठरलेला असावा लागतो आणि तो का ठरला आहे, हेही मुलांना ठाऊक असावे लागते. सुती किंवा तागाचे दोर भिजले की आखडतात, म्हणून पाऊस सुरू होताच ते थोडे सैल करावे लागतात, नाहीतर खुंट्या उपटून येतात किंवा कापड फाटते. भिजलेल्या कापडी तंबूला आतून हात किंवा पाठपिशवी टेकली की नेमके तिथूनच पाणी झिरपू लागते. दुहेरी तंबू असेल तर सामान आतल्या आतच बांधून घ्यावे, नंतर आतला तंबू उतरवावा आणि वरचे आच्छादन सर्वांत शेवटी काढावे, म्हणजे निदान अंथरुणे आणि कपडे कोरडे राहतात. सगळ्यांच्या डोक्यावर एक मोठी ताडपत्री ताणून ठेवली, तर निम्मी धांदल तिथेच संपते. कोरड्या कपड्यांचा एक जोड पिशवीच्या तळाशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचा आणि काम पूर्ण होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा नियम सांगायला सोपा आहे, पण तो पाळताना मुलांचा कस लागतो. ओल्या कपड्यांत वाऱ्यावर उभे राहिलेले मूल भर उन्हाळ्यातही गारठते आणि हे त्याच्याआधी त्याच्या संघनायकाच्या लक्षात यायला हवे.

संघनायकाचा उल्लेख मी मुद्दाम केला. सन १९०७ च्या ऑगस्टमध्ये स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर जे प्रायोगिक शिबिर भरवले, त्यात जेमतेम वीसेक मुले होती, तरीही त्यांनी त्यांचे चार संघ पाडले आणि प्रत्येक संघाची जबाबदारी त्यातल्याच एका मुलावर सोपवली. ही संघ पद्धती चळवळीचा कणा आहे. पाच-सहा दिवस खेळ, गाठी आणि शेकोटीच्या कार्यक्रमांत या पद्धतीचा सराव करून घ्यायचा आणि तिची खरी गरज पडते त्या सकाळी सूत्रे मोठ्यांनी आपल्या हाती घ्यायची, हे मला विसंगत वाटते. कोणी रडवेले झाले आहे, कोणाचा बूट चिखलात रुतला आहे, खुंट्या मोजताना दोन कमी भरत आहेत, अशा वेळी चौदा वर्षांचा संघनायक कोणाला कुठले काम देतो, हे पाहिल्याशिवाय शिबिरात काय साधले याचा अंदाज कोणत्याही शिक्षकाला येणार नाही. (बक्षिसांसाठीचे तंबू-निरीक्षण स्वच्छ उन्हात उरकले जाते, ते खरे तर या सकाळी व्हावे.)

चिखलाचे या चळवळीला वावडे नाही. सन १९२९ मध्ये इंग्लंडमध्ये बर्कनहेडजवळच्या ॲरो पार्कवर भरलेला जागतिक मेळावा पाऊस आणि चिखल यांसाठीच ओळखला गेला आणि तरीही तो पार पडला. याउलट २०२३ मध्ये दक्षिण कोरियातील सेमांगम येथे, समुद्र हटवून तयार केलेल्या सखल जमिनीवर भरलेल्या जागतिक मेळाव्यात आधी कडक उन्हाने शेकडो जण आजारी पडले आणि नंतर खानून वादळ येत असल्याने ८ ऑगस्ट रोजी हजारो स्काऊट-गाईडना बसमधून इतरत्र हलवावे लागले. ते हलवणे योग्यच होते. मात्र सावली नसलेली आणि पाण्याचा निचरा न होणारी जागा निवडण्याची चूक त्याच्या फार आधी झाली होती. पावसाळी दिवसाची तयारी जागा पाहायला जातो त्या दिवसापासून करायची असते: तंबू उंचवट्यावर, ओढ्याच्या पात्रापासून आणि एकट्या उंच झाडापासून दूर हवेत आणि जवळ एखादी पक्की इमारत असायलाच हवी.

विजेच्या बाबतीत मात्र तडजोड नको. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर हातातले काम जिथे असेल तिथे टाकून सर्वांनी पक्क्या इमारतीत किंवा बंद छताच्या बसमध्ये जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटल्यावरच बाहेर यावे. तंबू विजेपासून संरक्षण देत नाही. अशा वेळी ध्वजावतरण छताखाली झाले किंवा झालेच नाही, तरी काही बिघडत नाही.

म्हणून शिबिरांच्या आयोजकांना माझी विनंती आहे की, पालकांना पाठवल्या जाणाऱ्या पत्रकात शेवटच्या दिवसाची दोन वेळापत्रके छापावीत, एक कोरड्या दिवसाचे आणि एक पावसाचे. मुले ओली आणि चिखलाने माखलेली परततील, परतायला उशीर होऊ शकेल, कोणत्या परिस्थितीत शिबिर आवरते घेतले जाईल आणि तो निर्णय कोण घेईल, हे त्यात आधीच सांगितलेले असेल, तर सकाळपासून खणखणणारे पालकांचे फोन बरेच कमी होतील. मैदान सोडताना शेकोटीची जागा आणि खणलेले खड्डे बुजवायला, काढलेली हिरवळ पुन्हा बसवायला पावसात दुप्पट वेळ लागतो, तोही या वेळापत्रकात धरावा.

शेवटी, ओले तंबू घडी घालून कोठारात टाकले की थोड्याच दिवसांत त्यांना बुरशी लागते आणि कापड कायमचे खराब होते. ते एक-दोन दिवसांत पुन्हा उलगडून वाळवावे लागतात. हे काम कोठार सांभाळणाऱ्यावर ढकलण्याऐवजी ज्या संघाचा तंबू त्याच संघाला त्यासाठी बोलवावे आणि ती तारीखही पत्रकात शिबिराचाच एक दिवस म्हणून छापावी.

आपला विश्वासू,
एक माजी स्काऊटमास्तर