मुलाच्या थेरपीचा पाऊण तास आईलाही द्या

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस स.न.वि.वि.

माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे त्याचा हालचालींवर नीट ताबा राहत नाही. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे अशा मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात, मूल आत फिजिओला किंवा स्पीचला असतं आणि आम्ही आया बाहेर बाकावर बसून असतो. तो पाऊण तास आम्हाला समुपदेशनासाठी मिळावा, एवढ्यासाठी हे पत्र.

बाकावर काय बोलणं चालतं, ते आपण एकदा ऐकायला हवं. ‘ग्रहणात काही चिरलं होतंस का?’ असं एकीची सासू अजून विचारते. दुसरीच्या मुलाचे गिळण्याचे स्नायू साथ देत नाहीत. भरवायला तास जातो, तिसऱ्यांदा वाटी लवंडली की तिचा हात उठतो आणि मग ती रात्रभर रडत बसते. अशा बाईला सगळे सांगतात, ‘तूच खचलीस तर लेकराचं कसं व्हायचं?’ या वाक्याने धीर येत नाही, ओझं मात्र वाढतं.

भावना हाताळणं शिकवता येतं. राग चढण्याआधी कान तापतात, दात आवळले जातात, ते ओळखायचं. वाटी खाली ठेवायची, मुलाला नीट बसवून दोन मिनिटं बाजूला व्हायचं. ‘माझ्यामुळेच हे झालं’ असं मनात आलं की त्या विचाराला पुरावा मागायचा. आणि दुःख पुन्हा पुन्हा येणार, हे आधीच माहीत असणं: शाळाप्रवेशाच्या वेळी, जावेचं मूल सायकल चालवू लागलं तेव्हा, लेक वयात आली तेव्हा. गटात दुसरी आई हेच बोलते, तेव्हा लाज निम्मी होते.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून ही केंद्रं आली, त्यांच्या मंजूर रचनेत मानसशास्त्रज्ञ आहेच. पण त्यांच्याकडे मुलाची चाचणी होते, आईची विचारपूस होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पालक-प्रशिक्षणात ९ गटसत्रं आणि ३ गृहभेटी असतात. त्यात पालकाच्या स्वतःच्या मनःस्वास्थ्याचाही भाग आहे आणि ते तज्ज्ञ नसलेली प्रशिक्षित माणसं घेऊ शकतात. शेजारच्या गोव्यात ‘संगत’ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक समुपदेशकांना तयार करून नैराश्यावर गुण आणून दाखवला. म्हणजे तज्ज्ञ कमी आहेत, हे कारण पुरेसं नाही.

टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक चांगला आहे. पण दोन खोल्यांच्या घरात, सासू समोर असताना, कोणती सून फोनवर मन मोकळं करील?

म्हणून प्रत्येक केंद्रात आठवड्यातून एकदा आयांचं गटसत्र ठेवा, थेरपीच्याच वेळेत. त्यासाठी वेगळी एसटी आणि बुडालेली मजुरी आम्हाला झेपणार नाही. महिन्यातून एकदा वडील आणि आजीलाही बोलवा. जिला झोप लागत नाही, जिच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, तिला त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांपर्यंत कोणी तरी सोबत घेऊन जावं. आणि या सत्रांची नोंद मुलाच्याच कार्डावर करा, म्हणजे आईला वेगळा केसपेपर काढायला पुन्हा रांगेत उभं राहावं लागणार नाही.

आपली,
सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची आई