काच ओघळत नाही, कृपया दुरुस्ती छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत परत तेच छापून आलंय, की युरोपातल्या जुन्या चर्चच्या खिडक्यांच्या काचा खाली जाड असतात कारण काच म्हणजे हळूहळू वाहणारं द्रव, गुरुत्वाकर्षणाने ती शेकडो वर्षांत खाली ओघळते. हे चूक आहे हो. त्या काळी फुंकलेली काच गरम असतानाच गरगर फिरवून तिची तबकडी करायचे, ती मधे जाड नि कडेला पातळ, मग त्यातून कापलेले तुकडे सारख्या जाडीचे येणार कसे? ब्राझीलचे काचेचे अभ्यासक झानोटो यांनी १९९८ मध्ये गणित करून दाखवलं की नेहमीच्या तापमानाला काच नजरेत भरेल इतकी वाहायला विश्वाच्या वयापेक्षाही कितीतरी पट जास्त काळ लागेल.

गुरुत्वाकर्षणाचा जोर चालतो तो आधी, काच वितळलेला रस असताना, आणि लेखात नेमकं तेच नाहीये. झेडब्लान नावाची काच घ्या, १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये रेन इथे सापडली, झिर्कोनियम, बेरियम, लॅन्थॅनम, ॲल्युमिनियम, सोडियम यांच्या फ्लोराइडची. साध्या सिलिकाच्या (वाळूतल्या द्रव्याच्या) फायबरमधून, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या बारीक तंतूतून, जो इन्फ्रारेड प्रकाश जात नाही तो हिच्यातून जातो. पण हिचा रस पातळ, थंड होताना गरम भाग वर चढतो, गार भाग खाली बसतो, रस आपोआप ढवळला जातो, आणि फायबर ओढताना बारीक स्फटिक तयार होतात, मग प्रकाश विखुरतो. नासाच्या मार्शल सेंटरच्या लोकांनी १९९० च्या दशकात केसी-१३५ या उंच चढून खाली झेपावणाऱ्या विमानात, जेमतेम वीसेक सेकंदांच्या वजनरहित अवस्थेत हे फायबर तापवून बघितले तर स्फटिक दिसले नाहीत, जमिनीवर तोच प्रयोग केला तर झाले! असं नेमकं का होतं यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, ढवळणं थांबल्यामुळे रस घट्ट राहतो आणि म्हणून स्फटिक धरत नाहीत असं एक मत आहे. २०२४ मध्ये तर अंतराळ स्थानकात दहा किलोमीटरहून जास्त झेडब्लान फायबर ओढून झालीय.

आणि आपल्या खिडकीची काच सपाट असते तीही गुरुत्वाकर्षणामुळेच, कारखान्यात वितळलेल्या कथलावर काचेचा रस पसरतो, वजन खाली दाबतं, पृष्ठताण आवरून धरतो, आणि नुसतं सोडून दिलं तर जाडी साधारण सहा-सात मिलिमीटरवर थांबते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या नववीतल्या तीन मुलींनी तुमचं ते पान कापून प्रोजेक्टच्या वहीत चिकटवलंय, त्यामुळे दुरुस्ती त्याच पानावर आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा ही विनंती.

आपली एक नियमित वाचक