माकडतापाची तयारी काजूच्या हंगामाआधी व्हावी

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, स.न.वि.वि.

आमच्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांदा पट्ट्यात काजूचा हंगाम आणि माकडतापाचा, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या विषाणूजन्य तापाचा, हंगाम एकाच वेळी येतो. हा योगायोग नाही. डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत जंगलातल्या पातेऱ्यात (वाळक्या पानांच्या थरात) गोचिडींची मोहरीएवढी पिल्ले असतात आणि नेमक्या त्याच दिवसांत माणसे काजू वेचायला, भाजावळीसाठी पातेरा गोळा करायला, सरपण आणायला रानात जातात. पिल्लू चावल्याचे कित्येकदा कळतही नाही.

1957 साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि माणसे तापाने फणफणली. पुण्यातील शास्त्रज्ञांनी त्यामागचा विषाणू शोधून काढला. 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्याने त्याचा फटका सोसला, 2016 मध्ये आमच्या दोडामार्ग तालुक्याने. म्हणजे हा आजार आता आमच्याकडे पाहुणा राहिलेला नाही.

डेंगीच्याच कुळातला हा विषाणू. प्रथिनांचे आणि मेदाचे वेष्टन, आत आरएनएचा एकच धागा, बस्स. स्वतःहून वाढण्याची ताकद त्याच्यात नाही. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. प्रतिजैविके जिवाणूंच्या ज्या भागांवर घाव घालतात, ते भाग याच्याकडे नाहीतच. तरीही ताप आला की गावोगावी आधी प्रतिजैविकांच्या गोळ्या दिल्या जातात आणि डेंगी की लेप्टो या विचारात मोलाचे दिवस जातात. माकडतापावर नेमके औषध नाही. वेळेत दाखल करणे, शरीरातील पाणी टिकवणे आणि रक्तस्रावावर लक्ष ठेवणे, यावरच रुग्णाचा जीव अवलंबून असतो. सुरुवातीच्या दिवसांत रक्तात विषाणू सापडतो, म्हणून आरटी-पीसीआर तपासणी तेव्हाच व्हायला हवी. नमुना दूर पाठवून अहवालाची वाट पाहणे आम्हाला परवडत नाही. ही सोय जिल्ह्यातच, हंगामभर, खात्रीने हवी.

लशीचा आधारही आज नाही. जुनी लस वारंवार टोचावी लागे, तिचे संरक्षण अपुरे पडू लागले आणि 2022 मध्ये ती थांबवली गेली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने नव्या लशीवर काम चालू आहे. ती येईल तेव्हा आमच्या तालुक्यांचा पहिला हक्क राहावा, एवढे आपण दिल्लीत ठामपणे मांडावे.

तोवर विषाणूची वाटच अडवावी लागेल, आणि ती वाट मेलेल्या माकडापासून सुरू होते. माकड मरून थंड पडले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरतात आणि तेवढी जागा धोक्याची होते. तिथे मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची फवारणी त्याच दिवशी झाली पाहिजे. प्रत्यक्षात काय होते? मेलेले माकड दिसले तर कळवायचे कोणाला, हेच लोकांना ठाऊक नसते. वन, पशुसंवर्धन आणि आरोग्य या तीन खात्यांत निरोप फिरत राहतो. तिन्ही खात्यांसाठी मिळून एकच फोन क्रमांक ठेवा, तो प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा आणि शवविच्छेदनाची जबाबदारी एका अधिकाऱ्याच्या नावावर टाका.

गोचिडींना दूर ठेवणारे, अंगाला लावायचे डेपा तेल नोव्हेंबर संपण्याआधी घरोघरी पोचले पाहिजे. बागायतदारांनी ते मजुरांना द्यावे, असा लेखी आदेश काढा. बागेत पोटासाठी राबणाऱ्या बाईला ‘रानात जाऊ नका’ असे सांगणारा फलक काय कामाचा? तिला तेल, अंगभर कपडे आणि संध्याकाळी गरम पाणी-साबणाने अंघोळ, एवढे मिळवून द्या. आणि हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही, हे आशाताईंकरवी प्रत्येक वाडीत सांगा. आजारी घराकडे लोक पाठ फिरवतात, ते थांबले पाहिजे.

या वर्षीच्या तयारीची बैठक दिवाळीआधी सिंधुदुर्गात घ्यावी आणि तिला गोव्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनाही बोलवावे, ही विनंती. माकडे आणि गोचिडी राज्याची सीमा पाहून थांबत नाहीत.

आपला,
दोडामार्ग तालुक्यातील एक काजू बागायतदार