विषय : वरच्या मजल्यावरची मधली भिंत सध्या कशावर उभी आहे, याचा खुलासा मिळणेबाबत

मा. व्यवस्थापक,

हा पाचवा फोन होता. आत्ताच ठेवला. त्यामुळे नमस्कार-चमत्कार राहू द्या.

तुमच्या कोटेशनमध्ये लिहिलंय : 'दोन्ही खोल्यांतील कुजलेल्या फळ्या, मधल्या भिंतीखालच्या धरून, बदलणे.' ती लाकडी भिंत कड्यांना (जमिनीच्या फळ्या ज्यांवर ठोकतात त्या तुळयांना) समांतर, दोन कड्यांच्या बरोबर मधे आहे. म्हणजे तिचा भार फळ्यांवर. हे मला तुमच्याच सुपरवायझरने समजावलं होतं. भिंतीला टेकू देऊ, तळपट्टीचे, म्हणजे भिंतीच्या तळाच्या आडव्या लाकडाचे, खिळे कापू, नव्या फळ्या या कडीपासून त्या कडीपर्यंत सलग सरकवू, असंही म्हणाला होता. ऐकायला फार छान वाटलं.

प्रत्यक्षात तुमच्या माणसांनी भिंतीला घासून दोन्हीकडून फळ्या कापल्या आणि नव्या फळ्या भिंतीशी आणून सोडून दिल्या. कड्यांमधली मोकळी जागा 14 इंच, भिंत 4 इंच. म्हणजे दोन्हीकडे 5-5 इंच टोकं अधांतरी. पाय पडला की टोक दबतं आणि भिंतीखालून काळा भुसा बाहेर येतो. दाराखालची पट्टी उघडून मी बॅटरी मारली. तळपट्टीला जुन्या फळ्यांचे तुकडे लोंबतायत. पेनाचं टोक आत रुतलं. खाली कडी नाही, रीप नाही, साधा आडवा ठोकळा नाही. भिंत वरच्या आणि बाजूच्या खिळ्यांवर लटकली आहे. छताशी तडा गेलाय, दार चौकटीत अडकतं.

आता आजचं संभाषण. तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "सर, भिंतीखालचा भाग तुम्हाला दिसतो का?" म्हटलं, एरवी नाही. "मग तो बदललेला नाही हे कसं कळलं?" म्हटलं, पट्टी उघडून पाहिलं. "पट्टी तुम्ही उघडली? मग वॉरंटी बसणार नाही." म्हटलं, न उघडता दिसत नाही आणि उघडलं तर वॉरंटी जाते, मग तक्रार करायची कधी? यावर त्यांनी मला होल्डवर ठेवलं. परत येऊन म्हणाले, "लाकूड नैसर्गिक आहे सर, थोडं हलणारच. भिंतीजवळ चालणं टाळा." वा! उद्या भिंतीकडे बघणंही टाळतो.

फळ्यांची टोकं अधांतरी आहेत, हे पुन्हा लिहितो, कारण तुमच्याकडे तक्रार 'फळी करकरते' एवढीच नोंदवली आहे. करकर मी सहन केली असती.

आमचा जिनाही तुम्हीच केला होता. त्याची एकही पायरी अजून वाजत नाही. म्हणूनच पुन्हा तुम्हाला बोलावलं, चूक माझीच.

आठ दिवसांत दुसरी माणसं पाठवा, तीच नकोत. आधी भिंतीला टेकू, मग कड्यांमधे आडवे ठोकळे, मग सलग फळ्या, तडा आणि दार तुमच्या खर्चाने. नाहीतर दुसऱ्याकडून करून घेईन, बिल तुम्हाला पाठवीन, सोबत वकिलाची नोटीस. उरलेले पैसे तोवर मिळणार नाहीत.

एक ग्राहक

ता. क. तुमच्या माणसांची स्पिरिट लेव्हल इथेच राहिली आहे. घेऊन जा. वरचं प्लॅस्टिक अजून फोडलेलं नाही.